रिकाम्या खुर्चीचा मालक

आमचे मामा किनाऱ्यावर जप्ती करायचे. संध्याकाळी दिवे लागले की माणसाशिवाय सापडलेली प्रत्येक वस्तू ढकलगाडीत घालायची गोदामात न्यायची आणि सकाळी तिथल्या खिडकीत बसून मालकाला परत द्यायची, हे त्यांचं काम. किनारा सगळ्यांचा, तेव्हा रात्रभर सामान टाकून कुणी जागा अडवायची नाही, असा नियम होता. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. मामाच जरा अति होते. एकदा कुणाचा तरी चेंडू काढायला ते पाण्यात उतरले आणि तेवढ्यात दिवे लागले. बाहेर येऊन त्यांनी स्वतःच्याच चपला जप्त केल्या आणि अनवाणी घरी आले. मामीने कपाळाला हात लावला.

मामी रोज संध्याकाळी दोन घडीच्या खुर्च्या घेऊन तिथे जायची. एकीवर ती, दुसरी रिकामी. नवऱ्याची अख्खी नोकरी समुद्रावर गेली, पण दोघांनी शेजारी बसून समुद्र म्हणून कधी पाहिला नव्हता. याचं तिला फार वाईट वाटायचं. मामा लांबून शिट्टी वाजवत फिरायचे. शेवटी एकदा ती चिडली आणि आपली तेवढी खुर्ची उचलून घरी आली. दुसरी अर्थातच जप्त झाली.

सकाळी मी तिच्याबरोबर गोदामात गेले. खिडकीत मामाच बसलेले.

"बाई, खुर्ची कोणाची?"

"माझ्या नवऱ्याची."

"मग त्यांनी स्वतः यायला हवं."

"अहो, तुम्हीच ना ते!"

"मी ड्यूटीवर आहे. त्यांना सुट्टीच्या दिवशी पाठवा."

सुट्टीच्या दिवशी मामा खरंच इस्त्रीचा शर्ट घालून गेले. गोदामाला कुलूप, कारण गोदामवाला सुट्टीवर. घरी येऊन त्यांनी त्या कामचुकार गोदामवाल्याचा यथेच्छ उद्धार केला. मला हसू आवरेना. मामी मात्र आत जाऊन रडली.

मग तिने नवी खुर्ची आणली. त्या संध्याकाळी दिवे लागले तरी ती उठली नाही. मी मागे वाळूत बसले होते. मामा गाडी ढकलत आले आणि त्यांनी रिकाम्या खुर्चीला हात घातला. मालक तिथल्या तिथे पुढे आला तर वस्तू परत द्यायची, हेही नियमातच होतं.

"बाई, मालक कुठे आहे?"

"मीही त्याचीच वाट बघतेय," मामी म्हणाली. "आज नाही आला, तर उद्यापासून मी एकच खुर्ची आणणार."

मामा खुर्ची धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गाडीत ठेवली. गळ्यातली शिट्टीही ठेवली.

"माझी आहे," ते म्हणाले आणि बसले.

दोघं शेजारी बसून समुद्र बघू लागले.

"अहो," मामी हळूच म्हणाली, "गाडी बेवारस पडलीय तिथे."

"पडू दे," मामा म्हणाले. "उद्या जप्त करतो."