गोपिकेच्या भिजवलेल्या मनुका

माही केळाची गाडी अन् गोपिकेची फळाची, सीताबर्डीत अगदी चिकटून. जागेवरून भांडलो, सावलीवरून भांडलो, पण एकीले ताप आला की दुसरी दोन्ही गाड्या सांभाळे. मी उगाच कोणाची तारीफ करत नाही, पण बाई जिवाची पक्की.

तिचे मालक मनोहरराव ऑटो चालवत. जीव सारा संत्र्यात. मंग त्याईच्या किडन्या गेल्या अन् डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरीणबाईनं सांगतलं, संत्रं बंद, केळ बंद, नारळपाणी बंद. त्यात पोटॅशियम असते म्हणे, ते किडनीतून बाहेर पडलं नाही तं हृदयावर येते. द्राक्षं मात्र मोजकी चालतील. आता नागपूरच्या माणसाले संत्रं बंद म्हणजे काय, तुम्हीच समजा. गोपिकेनं दुसऱ्याच दिवशी गाडीवरची संत्री काढली.

"काहून वं, चालता धंदा मोडतं?" मी तिच्यावर चिडली.

"घरी गेली तं हाताले वास येते, इंदुताई. त्याईले तरास होते."

मंग गाडीवर द्राक्षं आली. हिरवी थॉमसन, लांबट सोनाका, काळी शरद. गिऱ्हाईकाले चाखाले ती घडाच्या शेंड्याचा मणी देई, कारण तो सगळ्यात मागून पिकते. शेंडा गोड तं सारा घड गोड. मनोहररावांसाठी मात्र वरचे, देठाजवळचे मणी काढून डब्यात ठेवे. ते बाजूले स्टुलावर बसत अन् एकेक मणी तोंडात घोळवत. "शरद आपल्या गोपिकेवर गेली," मले म्हणत, "वरून काळी, आतून गोड." ती फडकं फेकून मारे. बिमारीतही दोघं हसत. मले हेवा वाटे, खोटं काहून बोलू.

मे महिन्यात द्राक्षं संपली. मी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाले वर्ध्याले गेली होती. परत आली तं मनोहरराव गेले होते.

त्याईचा लेक सौरव मले कोपऱ्यात घेऊन गेला. बाबाच्या तोंडाले चव नव्हती, द्राक्षं मागत होते. आईनं काळ्या मनुका आणल्या, रातभर पाण्यात भिजवल्या. सकाळी टम्म फुगल्या, तिले वाटलं, झाली पुन्हा द्राक्षं. वाटी वाटी खाऊ घातल्या. पण मनुका सुकते तेव्हा पाणी तेवढं उडते, पोटॅशियम सारं आतच राह्यते. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तात ते लय वाढलेलं होतं. डॉक्टरनं विचारलं, काय खाल्लं, तेव्हा सौरवले समजलं.

"मावशी, आईले सांगू नको. ती जगणार नाही," म्हणे अन् पोरगा लहान लेकरासारखा रडला.

माह्या तोंडाले कुलूप नसते, सारी बर्डी जाणते. पण हे मी पोटात ठेवलं. गोपिका म्हणे, "त्याईचे दिवस भरले होते वं," अन् मी म्हणो, "हाव, बाई."

यंदा पुन्हा द्राक्षं आली. परवा एक सून आली, सासऱ्याचं डायलिसिस चालू आहे म्हणाली. गोपिकेनं तिले शेंड्याचा मणी चाखाले दिला, थोडीशीच तोलून दिली. मंग तिचा हात धरला.

"पोरी, सीझन संपला की मनुका भिजवून देशील नको. फुगली तरी ते द्राक्ष नाही होत. मी माह्या हातानं खाऊ घातल्या माह्या माणसाले."

पोरगी गेली. मी केळाची फणी हातात धरून तशीच उभी. गोपिका माह्याकडे न पाहता घडावरचे देठाजवळचे मणी काढून डब्यात टाकत होती.

"इंदुताई," म्हणाली, "मले हे मालूम आहे, असं सौरवले सांगू नको. त्याले वाटते, मले काही माहीत नाही. तेवढ्यावरच उभा आहे माहा पोरगा."