वनिताचा कोड माझ्या फोनवर

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच कदाचित जीभ रेटते आहे — तीही अडखळतच.

सानगडीजवळच्या एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात मी कंत्राटी लिपिक आहे. वनिता माझ्यानंतर नोकरीला लागली, माझ्याच समोरच्या टेबलावर. वरून हुकूम आला, की प्रत्येकाने कार्यालयाच्या ईमेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावायची. म्हणजे पासवर्ड टाकला तरी मोबाइलवर कोड येणार, तो भरल्याशिवाय मेल उघडणार नाही. लावून देण्याचं काम माझ्याकडे आलं. वनिताच्या घरी फोन एकच, तो नवऱ्यासोबत शेतात. ती म्हणाली, "तुमचाच नंबर टाका ना जी भाऊ. तुमी तं इथंच बसून राहता."

मी टाकला. चूक होती का? नियमाने होती. पण आमच्याकडे कोण कोणाचा कोड विचारत नाही? गॅसचा, रेशनचा, बँकेचासुद्धा — शेजारी ओरडून सांगतो, आपण भरतो. वनिताही रोज सकाळी विचारायची, मी आकडे सांगायचो. खरं सांगू? मला ते आवडायचं. तिचं कुलूप माझ्या खिशात होतं.

मग रोवणी आली, धानाची लावणी. मी सुटी घेऊन एकोडीला आमच्या धानाच्या बांधीत होतो, चिखलात पोटरीपर्यंत. दुपारी वनिताचा फोन आला. आवाज आनंदाने कापत होता. तिला कायम करण्याचा मेल आला होता म्हणे, साहेबांनी सांगितलं. संध्याकाळपर्यंत तिच्याच मेलवरून होकार पाठवायचा, नाहीतर यादीतला पुढचा. मेल उघडत नव्हता, कोड मागत होता.

तिला? माझ्या आधी? — जळलो मी. सरळ जळलो.

"कोड आला का जी भाऊ?"

आला होता. बोलता बोलता फोन कानावरून काढून मी तो पाहिला. ओल्या अंगठ्याने पडदा पुसून नीट वाचला. आणि म्हणालो, नाही आला, इथं टावर नाही.

ज्या फोनवर टावर नाही म्हणत होतो, त्याच फोनवर तिच्याशी बोलत होतो! तिला ते कसं सुचलं नाही? की सुचूनही माझ्याबद्दल वाईट मनात आणलं नाही? तिने पुन्हा पाठवला. पुन्हा आला. मी पुन्हा नाही म्हणालो. मग ती रडायला लागली, तेव्हा मी फोन बंद करून शेताच्या कडेला धुऱ्यावर ठेवला आणि परत रोवायला वाकलो. बायकोने विचारलं, कोणाचा होता? मोबाइल कंपनीचा, म्हणालो.

मला त्यातून काय मिळालं? काहीच नाही. जागा तिसऱ्यालाच गेली. पुढे वनिताचा करारही वाढला नाही. आता ती धानाच्या मिलमध्ये पोती शिवते. तिच्या पोरीचं नर्सिंग सुटलं. तिचं लग्नही उरकून टाकलं — ती पोर शिकायची होती हो! अजून फोनवर कोणताही कोड आला की मी फोन उलटा करून ठेवतो. खरं सांगायला साहेबांच्या दारापर्यंत मी कितीदा गेलो. दरवेळी परत फिरलो. नोकरीची भीती, गावाची भीती — आणि वनिताला तोंड दाखवायची सगळ्यात जास्त.

कारण ती मला टाळत नाही. गेल्या बाजारात मी तिला पाहून कांद्याच्या ढिगाकडे वळलो, तर तीच जवळ आली. हातांना सुतळीचे वळ. माझा चेहरा पाहून म्हणाली, "तुमी कायले जिवाले लावून घेता भाऊ? तुमचा काय दोष? टावरच तसा."

ती माझी समजूत काढत होती. आणि मी मान हलवून म्हणालो, हो, टावरच तसा.