परातीच्या पाठीवरचं नाव

लग्नाच्या आहेरातल्या परातीवर आमच्या काकांना आपल्या नावापुढं ‘निवृत्त उपसंचालक’ असंही कोरून हवं होतं. परात पितळेची होती, पद तिच्याहून जड. ती घेऊन मी गौलीगुड्यात भांड्यांवर नावं घालणाऱ्या एका म्हाताऱ्याकडं गेलो. आजूबाजूला सगळ्यांनी मशीन घेतलं, तरी हा छिन्नी-हातोडीच चालवायचा. मध्येच कुणी घाई केली, तर हातोडी हवेत थांबवून त्याच्याकडं बघत राहायचा.

माझ्या काखेत आबिड्सच्या फुटपाथवर घेतलेलं एक जुनं चित्र होतं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले, कुठल्याशा राजवाड्याचे पडके खांब. त्यानं ते मागून घेतलं.

“किसका महल है, साब?”

“असेल कुणा राजाचा. नाव दिलेलं नाही.”

“और ये कोने में?”

“ते चित्र कोरणाऱ्याचं नाव.”

तो मोठ्यानं हसला. “देखो! राजा गया, कारीगर रह गया. और मैं? पूरे मोहल्ले के बर्तनां पे मेरा हाथ है, मेरा नाम एक पे भी नहीं.”

मग त्यानं काकांचं पद चोख कोरलं, परात पालथी केली आणि माझ्याकडं पाहिलं. मी होकारार्थी मान डोलावली. या वेळी हातोडी कुठंच थांबली नाही.

मांडवात काकांनी ती परात सगळ्यांना दाखवली, पण सुलटीच. आमच्या घरातून गेलेला मिरवण्यासारखा आहेर तेवढा एकच. म्हाताऱ्याचं नाव मी इथं लिहीत नाही. ते पितळेत आहे, कागदाची त्याला गरज नाही.