गल्लीभर गेलेली हाक

अमानवीय वगैरे गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आताही फारसा नाही. आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज कुणी ना कुणी भुताचा व्हिडिओ टाकतं. मी न बघताच डिलीट करते. थकायला होतं हो... पण ही गोष्ट माझ्या स्वतःच्या घशाची आहे.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. पांढुर्णा. मी नवी सून. गल्लीत फोन एकच, आमच्याकडे. आणि सगळ्या गल्लीने तोच नंबर नातेवाइकांना देऊन ठेवलेला. कुणाचाही फोन आला की ओसरीवरून हाक मारायचं काम माझं. शेजारीण ती पुढच्या घराला द्यायची, ते त्याच्या पुढच्या... आजच्या भाषेत, गल्लीचा ग्रुप म्हणजे माझा घसा! कणकेच्या हाताने उठायचं, ओरडायचं, परत बसायचं. जीव नकोसा व्हायचा.

शेवटच्या घरी कुसुमकाकू. काका नागपूरला दवाखान्यात, मुलगा तिथून ट्रंककॉल लावायचा. कॉल तीन मिनिटांचा. हाक पोचून काकू धापा टाकत येईपर्यंत — कट! दोनदा असंच झालं. दुसऱ्या वेळी मुक्या रिसीव्हरला कान लावून त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात सर्दीने माझा आवाज पूर्ण बसला. दुपारी ओसरीत तांदूळ निवडत होते. सासूबाई आत झोपलेल्या. फोन वाजलाच नव्हता — आणि काकू धावत आल्या.

"कोनाचा फोन हाय वो? तू आवाज देऊन राहिली होती न!"

मी हातानेच नाही म्हटलं. मागोमाग शेजारीण आली. "अवो, मीच त पुढं सांगतलं. हिचाच आवाज होता!"

काकू खजील होऊन जायला निघाल्या, तेवढ्यात फोन वाजला. नागपूर. या वेळी पलीकडून काका स्वतः बोलत होते, इकडून काकू सांगत होत्या,

"हो जी, संत्र्याले पानी देल्लं... जेवली जी मी... तुमी या लवकर."

पूर्ण तीन मिनिटं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनमध्ये काका गेले.

पुढे कधीही भेटल्या की काकू माझा हात धरायच्या. "तू आवाज देल्ला म्हनून बोलनं झालं, पोरी." सुरुवातीला मी सांगायचे, "काकू, माझा आवाज बसला होता हो." त्या ऐकूनच घ्यायच्या नाहीत. मग मी सांगणं सोडलं.

ती हाक कुणी मारली, मला आजही माहीत नाही. काकू मात्र शेवटपर्यंत माझेच आभार मानत राहिल्या, आणि मी ते घेत राहिले.