सरकाकाका बसायला शिकतात

सरकाकाका चालत्या वाहनात कधीच बसून राहिलेले नव्हते. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहिते आहे, कारण या विषयावर मी तीन आठवडे काम केलं आहे.

ते माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. एकतीस वर्षं सतरा नंबरच्या बसवर कंडक्टर होते. "पुढे सरका, पुढे सरका" हे त्यांनी इतक्यांदा म्हटलं, की गल्लीतले सगळे त्यांना सरकाकाका म्हणू लागले. पोस्टमनसुद्धा. एकतीस वर्षं ते एक हात वरच्या दांडीला आणि दुसरा तिकिटांच्या बॅगेत घालून उभे राहिले. कंडक्टरसाठी सीट होती, पण तिच्यावर कायम कुणाची तरी आजी किंवा कुणाची तरी पिशवी बसलेली असे. परिणाम असा झाला, की वाहन हललं आणि काका बसलेले असले, की त्यांना मळमळतं. उभे असले, की काही नाही. सायकलसुद्धा ते पॅडलवर उभे राहून चालवतात. मी वसतिगृहात राहायला गेले, तेव्हा काका टेम्पोच्या मागे माझ्या कपाटाला धरून उभ्याने आले आणि प्रत्येक सिग्नल सुटला, की ड्रायव्हरच्या काचेवर दोनदा ठोकून डबल बेल देत होते.

काकू घरी पडदे शिवते. एकदा पडद्याच्या कापडाच्या गठ्ठ्यातून एक माहितीपत्रक निघालं. डोंगरातली जुनी छोटी रेल्वे, वाफेचं इंजिन, तीन बोगदे, एक उंच पूल, लाकडी डबे. आता फक्त रविवारी, हौशी लोकांसाठी धावणारी. काकूने ते फ्रिजवर चिकटवलं आणि जाहीर केलं, "मी आयुष्यभर लोकांच्या खिडक्या झाकल्या. आता मला एक उघडी खिडकी पाहिजे. आणि शेजारी हे."

"मी शेजारी उभा राहीन की," काका म्हणाले.

"शेजारी बसलेले पाहिजेत."

"उभा राहिलो तर बिघडलं काय?"

यावर काकूने ती गोष्ट काढली. ती आमच्याकडे कुठल्याही वादात निघते. "लग्नानंतर चौथ्या दिवशी मी यांच्या बसमध्ये चढले. नवी साडी, केसांना तेल. यांनी माझ्याकडे बघितलं आणि काय म्हणाले असतील? 'ताई, सुटे द्या.'"

"ड्यूटीवर सगळ्या ताई," काका म्हणाले. एकतीस वर्षं त्यांचं हेच उत्तर आहे.

"एकदा तरी चालत्या गाडीत माझ्या शेजारी बसा. जमणार नसेल तर सांगा, मी अक्काला घेऊन जाते."

अक्का म्हणजे काकूची थोरली बहीण. तिच्याकडे दोन गुडघे आहेत आणि दोन्हींबद्दल सांगण्यासारखं खूप आहे. अक्का गेली असती तर पुढची दहा वर्षं त्या सहलीची हकीकत आम्हाला गुडघ्यांसकट ऐकावी लागली असती. काकांनी मान खाली घातली. त्यात आणखी एक अडचण होती: तीन आठवड्यांनी हंगामातली शेवटची फेरी होती आणि नंतर पूल दुरुस्तीसाठी रेल्वे दोन वर्षं बंद.

काकांना वाटत होतं की काहीतरी मधला मार्ग निघेल. तिकीट काढायला आम्ही तिघं गेलो. खिडकीमागे चष्म्याला दोरी लावलेल्या एक बाई होत्या.

"एक बसायचं," काका म्हणाले, "आणि एक उभ्याचं."

"उभ्याचं नसतं."

"गर्दी झाली तर?"

"होत नाही. जितकी माणसं बाकांवर मावतात तितकीच तिकिटं देतो."

काकांच्या चेहऱ्यावर करुणा दाटून आली. "बाई, गर्दी नाही, उभं कुणी नाही. मग ती गाडी कसली?"

"हेरिटेज," बाई म्हणाल्या आणि बोटाने भिंतीवरची पाटी दाखवली. 'गाडी चालू असताना उभे राहणाऱ्या प्रवाशास पुढील स्थानकावर उतरवण्यात येईल.'

काकांनी पाटी दोनदा वाचली. मग नकळत त्यांची मान हलली. "नियम मात्र कडक आहे हां," ते आदराने म्हणाले. नियम बघितला की तो आपल्या विरुद्ध आहे हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

काकूने तीन तिकिटं मागितली. "तिसरं हिचं," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "तू यांना तयार करायचं."

मी एका प्रयोगशाळेत काम करते. तिथे कारखान्यातून आलेली यंत्रं आम्ही मुद्दाम गदागदा हलवतो आणि कुठला स्क्रू आधी सुटतो ते लिहून ठेवतो. घरचे म्हणतात, हिला हलवायचा पगार मिळतो. तेव्हा काकांना हलवण्याचं काम माझ्याकडे येणं क्रमप्राप्तच होतं.

मी दिवाणखान्यात एक फळी टाकली, फळीखाली पाइपाचे चार तुकडे आणि फळीवर खुर्ची बांधली. खुर्चीत काका. एका बाजूने मी ढकलायची, दुसऱ्या बाजूने काकू. भिंतीवर घड्याळ. पाठीमागे बादली, कारण नियोजन म्हणजे नियोजन.

पहिल्या दिवशी काका एक मिनिट चाळीस सेकंद टिकले. मग एकदम उभे राहिले आणि फळीवरच दोन्ही पाय रोवून, खुर्ची पोटरीला लागत असताना, मस्त डुलायला लागले. "आता बघ. आता कितीही हलव," ते म्हणाले. चेहरा टवटवीत.

"बसा!" काकू ओरडली.

"बसतो ना. स्टॉप येऊ दे."

दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं. तिसऱ्या दिवशी पुन्हा दीड. चौथ्या दिवशी काकूने माहितीपत्रक वाचून वातावरणनिर्मिती केली: "उजवीकडे खोल दरी. डावीकडे धबधबा." काकांनी 'खोल' या शब्दालाच बादली मागितली.

मग मी माझ्या कामाची पद्धत वापरली, म्हणजे गप्प बसून नुसतं बघितलं. आणि लक्षात आलं, की मळमळण्याआधी काकांचा उजवा हात वर जातो. हवेत. काहीतरी शोधतो, सापडत नाही, परत येतो. तसं तीनदा झालं की चेहरा हिरवा होतो.

"काका, बिघाड पोटात नाही, हातात आहे."

"हात ठणठणीत आहे माझा!"

आम्ही कपडे वाळत घालायची दांडी खुर्चीच्या वर दोरीने टांगली. काका बसले आणि हात वर करून दांडी धरली. आम्ही ढकलायला लागलो. तीन मिनिटं. पाच. नऊ. अकराव्या मिनिटाला काकूचा दम संपला. काका मात्र खुर्चीत आरामात बसून खिडकीबाहेरच्या विजेच्या खांबावरचे कावळे मोजत होते.

"थांबलीस का?" ते म्हणाले. "ब्रेकडाउन?"

राहिला प्रश्न रेल्वेतल्या दांडीचा. काकूने फोन लावला. चष्म्याच्या दोरीवाल्या बाईंनीच उचलला.

"बाकांच्या वर काही असतं का हो, धरायला?"

"सामान ठेवायची लोखंडी जाळी आहे. पण बसून हात पोचत नाही."

मग काका उठले आणि आतल्या खोलीतून एक वस्तू घेऊन आले. त्यांच्या तिकिटांच्या बॅगेचा चामडी पट्टा. बॅग त्यांनी निवृत्त होताना परत दिली होती, पण पट्टा त्यांनी स्वतःच्या खर्चाने बदललेला असल्यामुळे तो काढून घेतला होता. काकूने पट्ट्याच्या एका टोकाला पडद्याचे दोन जाड हूक शिवले आणि दुसऱ्या टोकाला हाताच्या मापाचा फास केला. मी त्याला बारा किलो भांडी लटकवून चाचणी घेतली. पट्टा पास झाला, एक पातेलं नापास झालं.

रविवारी आम्ही डब्यात चढलो. समोरासमोर दोन लाकडी बाक होते. एकावर काका-काकू, काकू खिडकीशी. समोर मी, हातात बादलीऐवजी कागदी पिशवी. काकांनी पट्टा जाळीला अडकवला, फासात हात घातला आणि बसले. पलीकडच्या बाकावरच्या आजोबांनी विचारलं, "हे काय?"

"वैद्यकीय," काकू म्हणाली.

शिट्टी झाली. गाडी हलली. काकांच्या ओठांनी आपोआप "डबल बेल" केलं, आवाज मात्र आला नाही. पहिलं वळण. दुसरं. काकूने बिस्किटांचा पुडा उघडून काकांच्या मांडीवर ठेवला. ती खिडकीतून कमी आणि काकांकडे जास्त बघत होती. मीसुद्धा. काका डब्यात समोर लावलेल्या त्याच नियमाच्या पाटीकडे बघत होते.

मग पहिला बोगदा आला. काळोख, धूर, खडखडाट. बाहेर पडलो आणि एकदम उजवीकडे सगळं जमीन नावाचं प्रकरणच नाहीसं झालं. खाली, खूप खाली, नदी. वळणावर आमचंच इंजिन धूर सोडत पुढे जाताना दिसत होतं.

"अगं बाई!" म्हणत काकू उभी राहिली. दोन्ही हात खिडकीवर, अर्धी बाहेर.

आणि काकांचा आवाज डब्यात घुमला, "ओ ताई! बसून घ्या! वळण आहे!"

सगळा डबा बसला. जे बसलेले होते ते आणखी ताठ बसले. दारातल्या गार्डने काकांना सलाम ठोकला.

काकू हळूहळू वळली. "ताई?"

काकांनी जीभ चावली. "अगं... तोंडातून गेलं."

"सुटेही देऊ का?"

मी तेव्हा पट्ट्याकडे बघितलं. तो रिकामा लोंबकळत होता, गाडीबरोबर झुलत होता. काकांचा तो हात काकूच्या पदराचं टोक घट्ट धरून होता, आणि दुसरा मनगटापर्यंत बिस्किटांच्या पुड्यात होता. चेहरा हिरवा नव्हता. काका बसले होते. गाडी चालू होती. मी घड्याळ बघितलं: बावीस मिनिटं.

मी आकडा कागदी पिशवीवर गुपचूप लिहिला. चाचणी चालू असताना नमुन्याशी बोलत नाहीत.

काकूनेही ते बघितलं असावं. पदर न सोडवता ती बाकाजवळ आली आणि बसायच्या आधी एक हात कमरेवर ठेवून म्हणाली, "पुढे सरका."

काका सरकले. अगदी वीतभर.