जनरलनी स्वतः उघडलेलं दार

दारावर थाप पडली तेव्हा कांचन लिडियामावशींना सूप भरवत होती. पडदा बोटभर सरकवून तिनं पाहिलं. पायरीवर जॅकेटवाली दोन माणसं. कमरेला पिस्तुलं.

कांचन मूळची वर्ध्याची. व्हिसा संपूनही अमेरिकेत, आयसेलिनमध्ये राहिलेली, या रशियन म्हातारीची शी-शू काढून पोट भरणारी. या इमिग्रेशनवाल्यांच्या हाती सापडली तर आधी कोठडी, मग परत रवानगी.

"उघडते," ती पुटपुटली. "नाही उघडलं तर जास्त चिडतील. मी काय चोरी केलीय?"

आपल्या लोकांची खोडच ही. वर्दीवाला दिसला की आधी हात जोडायचे! न्यायाधीशाच्या सहीचा कागद नसेल तर दार उघडायची सक्ती नाही, एवढं साधं तिला कुणी सांगितलं नव्हतं. इथल्या आमच्या मराठी मंडळांना ढोल-ताशांतून फुरसत मिळेल तेव्हा ना!

मावशींनी तिचं मनगट धरलं. नव्वदी ओलांडलेली बाई, पण पकड सांडशीसारखी.

"माझे पप्पाही हेच म्हणाले होते," त्या कुजबुजल्या.

मावशींचे वडील सोव्हिएत फौजेतले जनरल. जर्मनांना रेटत बर्लिनपर्यंत गेलेले, एवढं कांचनला ठाऊक होतं. त्याआधीचं मावशी आज पहिल्यांदाच बोलल्या. युद्धाआधी त्यांच्याच सरकारची माणसं न्याहारीच्या वेळी आली. काहीतरी गैरसमज असणार, म्हणून जनरलनी स्वतः दार उघडलं. छोटी लिडिया मागे उभी होती. तुरुंगात वडिलांचे दात पाडले, बोटं मोडली. जर्मन चालून आले, सेनापती कमी पडले, तेव्हा सोडून थेट आघाडीवर धाडलं.

"जिंकून आले. पण नंतर मरेपर्यंत कधी दार उघडलं नाही. आई उघडायची."

पुन्हा थाप. "कांचन इथे काम करते ना? दोनच मिनिटं बोलायचंय, मॅडम."

"जज्जची सही आहे?" मावशी कडाडल्या. "असेल तर काचेला लावून दाखवा! नसेल तर पायरीशी बोला!"

बाहेर काहीतरी कुजबुज झाली. मग बुटांचा आवाज लांब गेला. गाडीचं दार आपटलं. पण गाडी काही हलेना.

कांचननं विचारलं, "मावशी, तुम्हाला भीती नाही वाटली?"

कांचननं त्यांची चाकाची खुर्ची मागे ओढली, तर खालची फरशी ओली.

"बघू नकोस," मावशी म्हणाल्या.

कांचननं कोरडे कपडे आणले, दिवा न लावता. बाहेर इंजिन चालूच होतं.