वधूवर मंडळाच्या साइटवरची गर्दी

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पेट्रोल भरताना मी गाडीवरून उतरून मीटरसमोर उभा राहतो. दूधवाला एकदम गोड बोलायला लागला की त्या दिवशी सायीकडे जास्त लक्ष देतो. त्यामुळे निवृत्तीनंतर समाजाच्या वधूवर मंडळाची वेबसाइट माझ्याकडे आली, तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. लोकांच्या मुलींचे फोटो ज्याच्या ताब्यात द्यायचे तो माणूस असाच हवा, असं सगळ्यांना वाटलं असावं.

आमचा सर्व्हरवाला नवी पेठेत एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसतो. एका सकाळी त्याचा फोन आला. "काका, तुमची बँडविड्थ महिन्याच्या आतच संपायलीय. साइट बंद पडंल. वरचा प्लॅन घ्या की."

बँडविड्थ म्हणजे महिन्याभरात साइटवरून किती माल बाहेर जाऊ द्यायचा त्याची मर्यादा. कुणी एक पान उघडलं की तेवढा माल खर्ची पडला. एवढं त्यानेच मला शिकवलं होतं. पण मंडळातली नोंदणी गेल्या वर्षाइतकीच होती. लग्नाची मुलं तेवढीच, मुली तेवढ्याच. मग बघणारे वाढले कुठून? हाच गडी खोटी गर्दी दाखवून मोठा प्लॅन आमच्या गळ्यात मारतोय, याबद्दल मला जवळजवळ खात्री वाटली. मी म्हटलं, "मला यादी दाखव. कोण आलं, कधी आलं, कुठलं पान उघडलं, सगळं."

गेलो तर त्याने तोंड वाकडं करून स्क्रीन माझ्याकडे वळवला. दोष बराचसा आमचाच निघाला. फोटो लहान करायचा नाही, असा आमच्या मंडळाचा ठरावच आहे. लहान केलेला, जरा गुळगुळीत दिसणारा फोटो असला की पाहुणे लगेच विचारतात, काय लपवलंय? म्हणून स्टुडिओतून आलेला फोटो जसाच्या तसा चढवायचा, म्हणजे दोन बोटांनी मोठा करून रंग, दात, गालावरचा डाग, सगळं तपासता येतं. त्यात एका घराला एकच पासवर्ड. घर म्हणजे मामा, आत्या, दोन मावश्या आणि अक्कलकोटची काकू. रविवारी दुपारची जेवणं झाली की ही सगळी मंडळी एकाच वेळी ते अगडबंब फोटो उघडून बसतात. साइट गुदमरणार नाही तर काय होणार?

हे मला पटलं. तरी एका ओळीवर माझं बोट थांबलं. इंटरनेट कनेक्शनच्या एकाच पत्त्यावरून, रोज दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, एकच पान पुन्हा पुन्हा उघडलं जात होतं. ते पान माझ्या मुलीचं होतं.

माझी मुलगी पस्तिशीला आलीय, सकाळच्या शाळेत शिकवते. साइटवर प्रत्येक पानाखाली ते किती वेळा बघितलं गेलं त्याचा आकडा येतो. रोज जेवायला बसताना मी तिचा आकडा बायकोला वाचून दाखवायचो. तीन वर्षांत एकाही घरातून विचारणा नव्हती, पण आकडा वाढत होता. लोक बघतायत, म्हणजे कुणीतरी येईल, एवढ्या आशेवर माझं चाललं होतं.

"कोण आहे हा?" मी विचारलं. "रोज बघतो आणि फोन करत नाही. मला पत्ता काढून दे."

त्याने थोडी खटपट केली आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, तुमी घरून फोटो चढवता न्हवं, त्योच पत्ता हाय ह्यो. तुमच्या घरचं कनेक्शन."

प्रकरण अंगावर आलं म्हणून हा माझ्यावर ढकलतोय, असं मला वाटलं. पण त्याने दोन्ही पत्त्यांचे आकडे शेजारी ठेवून दाखवले. दोन ते चार मी मंडळाच्या ऑफिसात असतो. घरी दोघीच.

घरी जाऊन आधी बायकोला धरलं. ती पीठ मळत होती. "मला फोन उचलता येतोय तेवढंच लई झालं. साइट कुटं उघडू मी? माझ्यावर बी संशय घ्या आता."

मुलगी टेबलाशी वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "मी उघडते, अप्पा."

"कशाला?"

"आकडा वाढला नाही की तुमी अर्धी भाकरी टाकून उठता. मला बघवत नाही."

मी म्हटलं, "नवा फोटो काढू. चांगल्या स्टुडिओत जाऊ."

तिने पेन खाली ठेवलं. "त्या सर्व्हरवाल्यावर संशय घेतला, आत्ता आईवर घेतला. मला लग्नच करायचं नसंल, असा संशय तेवढा कधी आला नाही तुमाला."

बायको पिठाच्या हातानेच दारात आली. मी विचारलं, "कधीपासून?"

"पान टाकायच्या आधीपासून. तुमी विचारलंच नाही. फोटो तेवढा मागितला."

मला भयंकर राग आला आणि तो माझ्याशिवाय दुसऱ्या कुणावर काढायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी नवी पेठेत जाऊन वरचा प्लॅन घेतला. रविवारची गर्दी खरीच होती. आता साइट झरझर चालते, मामा-मावश्या खूश आहेत. मुलीचं पान मी स्वतः काढून टाकलं. ती हसून खेळून असते, मीही ताटातलं सगळं संपवतो. पण लग्न नको हे तिच्या मनातलं होतं, की तेही माझ्या घशाखाली घास उतरावा म्हणूनच म्हणाली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.